कुऱ्हाड, कालवा आणि कादंबरी

कांहीं ग्रंथकारांच्या वांट्यास एक चमत्कारिक कीर्ति येते. त्यांचें नांव सर्वांस ठाऊक असतें, त्यांच्या नायकाचें नांवही ठाऊक असतें. ग्रंथ मात्र मिसरूड फुटल्यानंतर कोणी पुन्हां उघडून पाहत नाहीं. अमेरिकन कादंबरीकार जेम्स फेनिमोर कूपर (१७८९–१८५१) हा त्या भाग्याचा, किंवा अभाग्याचा, एक नमुनेदार वांटेकरी होय. लांब नळीची बंदूक, वाळलेल्या पाचोळ्यावर वाजलेलें पाऊल, पाठलाग, सुटका आणि पुन्हां पाठलाग, एवढ्या सामग्रीवर त्याची ओळख संपते. मुलांसाठीं केलेल्या संक्षेपांनीं ही ओळख पक्की केली, आणि मार्क ट्वेननें १८९५ सालीं लिहिलेल्या उपहासात्मक निबंधानें तिच्यावर शिक्कामोर्तब केलें. कूपरचीं पात्रें अशक्य नेम मारतात, अशक्य खुणा ओळखतात आणि अशक्य भाषा बोलतात, हा ट्वेनचा आरोप बहुतांशीं खरा आहे. परंतु आरोप खरा ठरला म्हणजे निकालही बरोबर ठरतोच असें नाहीं. ज्या प्रश्नासाठीं कूपर आजही वाचावा असें आम्हांस वाटतें, त्या प्रश्नाला ट्वेननें त्या निबंधांत स्पर्शच केलेला नाहीं.

तो प्रश्न असा: एखादें राष्ट्र मनगटाच्या आणि यंत्रांच्या जोरावर अर्धें खंड व्यापीत असतांना त्याच्या वाङ्मयाला त्या व्यापाची किंमत दिसते काय, आणि दिसली तर ती कोणाच्या खातीं मांडली जाते? एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतील अमेरिका हें या प्रश्नाचें फार मोठें उदाहरण आहे. १८०३ सालीं फ्रान्सकडून १ कोटि ५० लक्ष डॉलरांस लुइझियानाचा प्रदेश विकत घेण्यांत आला. सुमारें ८ लक्ष २८ हजार चौरस मैलांच्या त्या भूमीनें राष्ट्राचा विस्तार एका सहीसरशी जवळजवळ दुप्पट झाला. १८०४ ते १८०६ या काळांत लुइस आणि क्लार्क हे पॅसिफिकच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन परत आले. १८०७ च्या ऑगस्टमध्यें रॉबर्ट फुल्टनची आगबोट न्यूयॉर्कहून आल्बनीपर्यंतचें १५० मैलांचें अंतर हडसन नदीच्या प्रवाहाविरुद्ध ३२ तासांत काटून गेली. आणि पुढें पांच वर्षांच्या आंतच दुसरी एक आगबोट पिट्सबर्गहून निघून ओहायो व मिसिसिपी या नद्यांनीं न्यू ऑर्लिन्सला पोहोंचली. १८१७ ते १८२५ या आठ वर्षांत ईरी सरोवर आणि हडसन नदी यांस जोडणारा ३६३ मैलांचा कालवा खणला गेला. ज्या भूमीवर वडिलांनीं अस्वल मारलें त्याच भूमीवर मुलानें गव्हाचा बाजारभाव विचारावा, असा हा झपाटा होता.

या सर्व उलाढालीच्या मध्यावर कूपर वाढला, आणि तोही मालकाच्या घरांत. त्याचा बाप विल्यम कूपर यानें न्यूयॉर्क राज्यांतील ओट्सेगो सरोवराच्या कांठीं १७८६ च्या सुमारास एक गांव वसविलें. तेंच पुढें कूपर्सटाउन झालें. मोठा मुलूख मिळवावा, त्याचे तुकडे पाडावे, ते वसाहतवाल्यांस हप्त्यांनीं विकावे आणि त्यांच्या हातून अरण्याचें शेत करून घ्यावें, हा त्याचा उद्योग. वसाहत कशी वसवावी याविषयीं त्यानें लिहिलेलें एक छोटें पुस्तकही १८१० सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां धाकटा कूपर ज्या अरण्यासाठीं पुढें अश्रु ढाळणार होता, तें अरण्य विकूनच त्याच्या घरांत भाकरी येत होती. ही गोष्ट आम्ही त्याला हिणविण्यासाठीं सांगत नाहीं. उलट, त्याच्या उत्कृष्ट कादंबरीचें बळ आणि तिचें वैगुण्य हीं दोन्हीं या एकाच मुळांतून फुटलेलीं आहेत, असें आमचें मत आहे.

ती कादंबरी म्हणजे 'दि पायोनियर्स'. १८२३ च्या आरंभीं ती निघाली, तेव्हां पहिल्याच दिवशीं दुपारच्या आंत तिच्या साडेतीन हजार प्रती खपल्याचें सांगतात. कथा १७९३ च्या नाताळच्या आदल्या दिवशीं सुरू होते आणि वर्षभराच्या ऋतुचक्राबरोबर पुढें सरकते. टेम्पलटन हें नवें गांव म्हणजे कूपर्सटाउनच. आणि त्याचा धनी न्यायाधीश टेम्पल याच्यावर कूपरच्या बापाची छाया स्पष्ट पडलेली आहे. गांवाबाहेर टेकडीच्या पायथ्याशीं एका झोपडींत म्हातारा शिकारी नॅटी बम्पो राहतो. पायांत कातड्याचे मोजे असतात म्हणून लोक त्याला 'लेदरस्टॉकिंग' म्हणतात. त्याचा जुना सोबती चिंगाचगूक हा मोहिकन सरदार आतां जॉन या नांवानें ओळखला जातो, टोपल्या विणतो आणि दारू पितो. कथानकाची गुंफण सैल आहे. वेषांतर, रहस्य आणि अखेरीस उघडकीस येणारा वारस, हा सर्व त्या काळच्या कादंबरीचा ठराविक संभार येथेंही आहे. परंतु तो दूर सारून वाचकानें या ग्रंथांतील तीन-चार प्रसंग नीट पाहावे.

वसंतांत रानटी पारव्यांचे थवे आकाश झांकून टाकीत येतात. सारें गांव बंदुका, काठ्या, दगड, हातीं येईल तें घेऊन बाहेर पडतें. एवढ्यानें भागत नाहीं म्हणून चाकांवर चढविलेली एक लहानशी तोफ ओढून आणली जाते आणि छऱ्यांनीं भरून थव्यांवर डागली जाते. पांखरांचा खच पडतो; उचलायला कोणास सवड नाहीं. नॅटी आपल्यापुरतें एक पांखरूं एका गोळीनें पाडतो आणि निघून जातो. न्यायाधीश टेम्पल स्वतः त्या खेळांत रंगलेला असतो. खेळ संपल्यावर मात्र जमिनीवर फडफडणारे जीव पाहून त्याला लाज वाटते. दुसऱ्या प्रसंगीं रात्रीं सरोवरांत मोठें जाळें टाकून हजारों मासे किनाऱ्यावर ओढले जातात, आणि त्यांतले बहुतेक तेथेंच कुजणार हें सर्वांस ठाऊक असतें. तिसरीकडे साखरेच्या मेपल झाडांस रस काढण्यासाठीं कुऱ्हाडीनें इतक्या खोल जखमा केल्या जातात कीं झाडेंच मरावीं. हीं वर्णनें कूपरनें स्वानुभवानें लिहिलीं आहेत आणि त्यांत कोठेंही तो ट्वेनच्या तडाख्यांत सांपडत नाहीं. तो प्रवासी पारवा १९१४ सालीं सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयांत शेवटचा जीव मेला तेव्हां पृथ्वीवरून नाहींसा झाला. ज्या काळीं ते थवे अक्षय्य वाटत होते त्या काळीं हा प्रसंग लिहिणाऱ्या लेखकाला केवळ बालरंजक म्हणणें हें टीकेचें काम नव्हे.

याहूनही मोठा प्रसंग खटल्याचा आहे. न्यायाधीश टेम्पलला या नासाडीची खंत आहे, म्हणून विशिष्ट ऋतूंत हरिण मारण्यास बंदी करणारा कायदा तो पुरस्कारतो. त्या कायद्यांत पहिला सांपडतो कोण? तर ज्यानें आयुष्यांत पोटापलीकडे कधीं शिकार केली नाहीं तो नॅटी. त्याच दिवशीं त्यानें न्यायाधीशाच्या मुलीला चित्त्यासारख्या हिंस्र श्वापदाच्या जबड्यांतून वांचविलेलें असतें. झोपडीची झडती घेण्यास आलेल्यांस तो बंदूक दाखवून अडवितो, आणि ज्याच्या मुलीचे प्राण त्यानें राखले तोच न्यायाधीश त्याला दंड, खोडा आणि कैद यांची शिक्षा सुनावतो. येथें कूपर कोणालाही खलपुरुष करीत नाहीं. चाळीस वर्षें या डोंगरांत राहिलेल्या मनुष्यावर काल आलेल्या लोकांचा कायदा चालतो कसा, हें नॅटीचें म्हणणें खरें आहे. आणि उपकारकर्त्याला सूट दिली तर कायदा हा कायदाच राहत नाहीं, हें न्यायाधीशाचें म्हणणेंही खरें आहे. दोन सत्यें समोरासमोर उभीं करून कोणतेंही एक खोटें न पाडणें ही फार मोठी कला आहे. अरण्य उधळणारे लोक सुटतात आणि अरण्य जपणारा शिक्षा भोगतो, हा विपर्यास कूपरनें एकही सूत्रवाक्य न झाडतां आपल्यापुढें ठेवला आहे.

आतां वैगुण्याकडे वळूं. टेम्पलटनची जमीन कोणाची, हा या कादंबरीचा खरा पाया आहे. क्रांतियुद्धांत राजपक्षाच्या लोकांची जी मिळकत जप्त झाली ती टेम्पलनें विकत घेतलेली आहे. तिचा आधींचा मालक एक इंग्रज सेनाधिकारी. त्याला ती लाभली मूळ रहिवाशांकडून. म्हणजे एकाच जमिनीवर तीन हक्क उभे आहेत. कूपर हा पेंच कसा सोडवितो? तर सेनाधिकाऱ्याच्या नातवाचें न्यायाधीशाच्या मुलीशीं लग्न लावून! दोन हक्क एका शय्येवर एकत्र आले, राहिला तिसरा. तो हक्क सांगणारा वृद्ध मोहिकन जळत्या डोंगरावर पूर्वजांचा वेष लेवून, सुटकेची इच्छाही न धरतां, मरण पत्करतो. प्रसंग हृदयद्रावक आहे यांत शंका नाहीं. परंतु पुस्तक मिटल्यावर वाचकाच्या ध्यानांत येतें कीं, या मरणानें कथेची मोठीच सोय झाली. ज्याच्याशीं हिशेब करावयाचा तोच स्वर्गवासी झाल्यावर चोपडी मिटवून शोक करण्यास कोणाची हरकत असणार?

दुसरें वैगुण्य याहून सूक्ष्म आहे, आणि आमच्या पाहण्यांत आलेल्या टीकेंत त्याचा विचार क्वचितच आढळतो. कूपरनें नॅटीवर पांच कादंबऱ्या लिहिल्या: 'दि पायोनियर्स' (१८२३), 'दि लास्ट ऑफ दि मोहिकन्स' (१८२६), 'दि प्रेअरी' (१८२७), 'दि पाथफाइंडर' (१८४०) आणि 'दि डिअरस्लेयर' (१८४१). नायक प्रथम म्हातारा होतो, मरतो आणि मग शेवटल्या पुस्तकापर्यंत तरुण होत जातो. या उलट्या चालीकडे डी. एच. लॉरेन्सनें १९२३ सालींच लक्ष वेधलें होतें. पण आणखी एक गोष्ट पाहण्याजोगी आहे. या पांचही कथांचे काळ अठराव्या शतकाच्या मध्यापासून फार तर १८०४-०५ पर्यंतचे आहेत. म्हणजे प्रत्येक कथा फुल्टनच्या आगबोटीच्या अगोदर संपते. हीं पुस्तकें लिहिलीं जात असतांना मात्र कालव्यांतून गहू वाहत होता, मिसिसिपीवर आगबोटींचा धूर दिसत होता, आणि १८३० पासून बाल्टिमोर व ओहायो रेल्वेवर गाड्या धांवूं लागल्या होत्या. यंत्राचें पाऊल दाराशीं वाजलें कीं कूपर पडदा पाडतो.

कोणी म्हणेल, ऐतिहासिक कादंबरीकाराला काळ निवडण्याची मोकळीक आहे, आणि कादंबरी म्हणजे कांहीं यंत्रांचें सूचीपत्र नव्हे. दोन्ही गोष्टी मान्य आहेत. आमचा आक्षेप यंत्र दिसत नाहीं एवढाच असता तर तो पोरकट ठरला असता. आक्षेप कारणमीमांसेचा आहे. नॅटीला घर सोडून मावळतीकडे कां जावें लागतें? कूपरचें उत्तर असें: कुऱ्हाडीच्या आवाजामुळें. बिली कर्बी नांवाचा एक धिप्पाड, आनंदी लांकूडतोड्या तो निर्माण करतो आणि सारें अरण्य जणूं त्याच्या दोन बाहूंनीं तुटतें. परंतु पुस्तक प्रसिद्ध झालें त्या वेळीं तेथून थोड्याच अंतरावर ईरी कालव्याचें काम जोरांत चालू होतें, आणि यूटिका ते रोम हा तुकडा १८१९ सालींच खुला झाला होता. तेथें झाड तोडीत नसत. शेंड्यास दोर बांधून स्क्रूच्या चक्रानें एक मनुष्य तें उलथून पाडी. खोडाचें मूळ उपटण्यासाठीं सोळा फूट व्यासाचीं चाकें असलेला एक गाडा बनविलेला होता. घोड्यांची एक जोडी आणि सात माणसें मिळून त्यानें दिवसाला तीस-चाळीस मुळें उपटीत. पाण्यांतही घट्ट होणारा चुना तेथल्याच दगडांतून काढण्याची युक्ति कॅन्व्हस व्हाइट यानें शोधून काढली. ज्यांनीं हा कालवा आंखला त्यांतले बेंजामिन राइट व जेम्स गेडीस हे मूळचे मोजणीदार आणि न्यायाधीश. इंजिनियर ते कालवा खणतां खणतां झाले. टेम्पलटनच्या न्यायाधीशाचेच हे भाऊबंद! बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल नेण्यास पूर्वीं सुमारें १०० डॉलर पडत. कालव्यानंतर ते १० च्या आसपास आले.

हा आंकडा कोरडा आहे, पण नॅटीच्या निर्वासनाचें खरें कारण त्यांत आहे. धान्य स्वस्तांत बाजारास जाऊं लागलें म्हणून दूरच्या जमिनीस किंमत आली. किंमत आली म्हणून तिचे तुकडे पडले. तुकडे पडले म्हणून कुऱ्हाड चालली. कुऱ्हाड हें कार्य आहे, कारण नव्हे. कूपर कार्य रंगवितो आणि कारण झांकतो. त्यामुळें माणसांनीं ठरवून, भांडवल घालून, कायदे करून घडवून आणलेली गोष्ट ऋतु पालटावा तशी आपोआप घडल्यासारखी भासते. अखेरच्या पानावर नॅटी मावळत्या सूर्याकडे चालूं लागतो आणि कूपर त्याला राष्ट्राच्या वाटचालीचा अग्रेसर म्हणतो. ज्या वस्तीपासून तो पळतो आहे तिचाच तो वाटाड्या ठरतो, हा उपरोध उत्तम साधला आहे. पण 'राष्ट्राची वाटचाल' या शब्दांत कालव्याचे रोखे, जमिनीचे सट्टे आणि फौजेचे हुकूम हे सारे विरघळून जातात. समकालीन टेम्पलटनवर त्यानें १८३८ सालीं 'होम ॲज फाउंड' लिहिली खरी. तिच्यांत जमिनीच्या सट्टेबाजीची टिंगलही आहे. पण तेथें कादंबरीकार जाऊन चिडलेला जमीनदार बोलूं लागतो, आणि चिडलेल्या जमीनदाराचें बोलणें फार वेळ ऐकवत नाहीं.

एका ठिकाणीं मात्र त्याच्या प्रतिभेनें त्याच्या भिडेवर मात केली आहे, तें सांगितलें पाहिजे. पारव्यांवर डागलेली ती तोफ आली कोठून? कूपर सहज सांगून जातो: मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर चालून गेलेली गोऱ्यांची एक तुकडी ती रानांत टाकून गेली होती. जें हत्यार प्रथम माणसांवर रोखलें होतें तेंच पुढें पांखरांवर फिरलें. या एका वाक्यांत त्या सबंध शतकाचा इतिहास आहे. आणि तो लेखकाला पुरता उमगला होता कीं नाहीं, अशी शंका यावी इतक्या निष्काळजीपणानें तो सांगितला आहे.

'दि प्रेअरी' ही नॅटीच्या अंताची कथा. ही लिहितांना कूपर पॅरिसमध्यें होता, आणि मिसिसिपीपलीकडचीं माळरानें त्यानें डोळ्यांनीं पाहिलेलीं नव्हतीं. स्टीफन लाँग याच्या १८१९-२० च्या मोहिमेचा एडविन जेम्सनें लिहिलेला वृत्तांत हा त्याचा मुख्य आधार. या मोहिमेसाठीं 'वेस्टर्न इंजिनियर' नांवाची आगबोट बांधली होती. तिची नाळ काळ्या सर्पाच्या आकाराची असून त्याच्या तोंडांतून धुराचे लोट निघत. यंत्र हें मालाप्रमाणें भयही वाहून नेतें, हें त्या बोटीवाल्यांस पक्कें कळलेलें होतें. कूपरच्या कथेचा काळ १८०४ चा, म्हणून ती बोट त्यांत येणें शक्य नव्हतें. तो दोष नव्हे. विज्ञानाला त्यानें एका वेंधळ्या निसर्गशास्त्रज्ञाच्या रूपानें आणलें आहे. हा गृहस्थ अंधारांत आपलेंच गाढव पाहून तें एखादें नवें भयंकर श्वापद समजतो. विनोद बरा आहे, पण ज्या ज्ञानानें नकाशे काढले आणि नकाशांनीं जमिनी नेल्या, त्या ज्ञानाला हा विनोद फारच हलका पडतो.

तरीही 'दि प्रेअरी'मध्यें इश्मेल बुश हें एक पात्र असें उतरलें आहे कीं त्याला तोड नाहीं. कायद्याच्या कागदांचा तिटकारा करून बायकापोरांसह उघड्या माळावर निघालेला हा आडदांड मनुष्य. जेथें झाड नाहीं तेथेंही कुऱ्हाड खांद्यावरून न उतरविणारा. पण जेव्हां त्याच्या मुलाचा खुनी त्याच्याच बायकोचा भाऊ असल्याचें निष्पन्न होतें, तेव्हां कायदा सोडून पळालेल्या या मनुष्याला त्या ओसाड माळावर स्वतःच न्यायासन मांडावें लागतें. वाळलेल्या एकाकी झाडावर मेहुण्याला फांशीं देऊन तें कुटुंब मुकाट्यानें माघारीं वळतें. असा भीषण आणि संयमित प्रसंग कूपरनें दुसरा लिहिला नाहीं. तो मेहुणा पूर्वीं गुलाम पळवून विकण्याचा धंदा करीत असे. म्हणजे पश्चिमेकडे निघालेल्या गाड्यांतून काय काय प्रवास करीत होतें याची कूपरला कल्पना होती; पण त्यानें ती एका दुष्ट मनुष्याच्या अंगावर ढकलून दिली.

वस्तुतः तो एका मनुष्याचा दुर्गुण नव्हता, तो एका यंत्राचा परिणाम होता. 'दि पायोनियर्स'ची कथा १७९३ सालीं सुरू होते. त्याच वर्षीं जॉर्जियांत एली व्हिटनीनें कापसांतील सरकी काढण्याचें यंत्र सिद्ध केलें आणि १७९४ च्या मार्चमध्यें त्याचें पेटंट मिळविलें. आंखूड धाग्याच्या कापसाची सरकी इतकी चिवट कीं हातानें दिवसभर खपून एका माणसाकडून जेमतेम पौंडभर रुई निघे. लांकडी रुळावरच्या तारेच्या आंकड्यांनीं तीच दिवसाला पन्नास पौंड निघूं लागली. त्याबरोबर हा कापूस समुद्रकिनारा सोडून पश्चिमेकडे चालूं लागला. १८१७ सालीं मिसिसिपी आणि १८१९ सालीं अलाबामा हीं राज्यें झालीं. १७९० च्या शिरगणतींत गुलाम सुमारें ७ लक्ष होते; १८६० मध्यें ते सुमारें ३९॥ लक्ष झाले. जें यंत्र श्रम वांचविण्यासाठीं निघालें त्यानें श्रम करणाऱ्यांच्या बेड्या अधिक जड केल्या. टेम्पलटनमध्येंही ॲगामेम्नन नांवाचा गुलाम आहे. टेम्पल क्वेकर कुळांतला, त्याला गुलाम बाळगणें शोभत नाहीं, म्हणून तो कागदोपत्रीं त्याच्या भावाच्या मालकीचा. कायद्याचा धनी एक आणि खरा धनी दुसरा! ही एक जबरदस्त कादंबरीची सामग्री होती. कूपरनें तिचा एक चुटका केला.

आतां सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाविषयीं दोन शब्द. 'शेवटचा मोहिकन' हा शब्दप्रयोग जगभर रूढ झाला. पण मोहिकन शेवटचे नव्हते. ज्या दशकांत हें पुस्तक निघालें त्याच दशकांत त्यांचें न्यूयॉर्कमधून विस्कॉन्सिनकडे स्थलांतर चालू होतें, आणि त्या राज्यांत ते आजही आपल्या राखीव भूमीवर नांदत आहेत. दक्षिणेंत तर याहून आश्चर्यकारक गोष्ट घडत होती. इंग्रजी अक्षराचीही ओळख नसलेल्या सेक्वोया नांवाच्या चेरोकी मनुष्यानें बारा-एक वर्षें खपून १८२१ च्या सुमारास आपल्या भाषेसाठीं ८६ चिन्हांची लिपि बनविली. थोड्याच वर्षांत त्याच्या लोकांत वाचन पसरलें, आणि १८२८ सालीं 'चेरोकी फीनिक्स' हें द्वैभाषिक वृत्तपत्र निघालें. फुल्टनच्या बोटीच्या आणि व्हिटनीच्या यंत्राच्या पंक्तीला बसविण्याजोगा हा शोध. तो लावणारा मनुष्य मात्र कादंबरीच्या मतें लुप्त होणाऱ्या जातीचा. १८३० च्या मे महिन्यांत मूळ रहिवाशांस मिसिसिपीपलीकडे हलविण्याचा कायदा झाला. १८३८-३९ च्या हिंवाळ्यांतल्या सक्तीच्या वाटचालींत सुमारें चार हजार चेरोकी मेले असा अंदाज आहे. कायदा होण्यापूर्वीं चारच वर्षें अमेरिकेंतील वाचक शेवटच्या मोहिकनासाठीं रडत होते. कूपरनें हा कायदा घडविला असें म्हणणें वेडेपणाचें होईल. पण जिवंत माणसावर विलापगीत रचलें म्हणजे त्याला घराबाहेर काढणाऱ्यांचें मन थोडें हलकें होतें, ही गोष्ट टीकाकारानें नजरेआड करतां कामा नये. करुणरस हा नेहमींच न्यायाचा सहोदर असतो असें नाहीं. कधीं कधीं तो न्यायाची जागा अडवून बसतो.

या दूरच्या विषयाशीं महाराष्ट्राचा संबंध अगदींच नाहीं असें मात्र समजूं नये. १८४० च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीनें अमेरिकेंतील कापूसशेतीचे जाणकार इकडे आणले, आणि धारवाडकडे अमेरिकन वाण व करवती जिन यांचे प्रयोग झाले. पुढें १८६१ ते १८६५ या यादवी युद्धांत तिकडचा कापूस अडला, तेव्हां मुंबईंत पैशाचा पूर आला आणि १८६५ सालीं शेअरांच्या सट्ट्याचें दिवाळेंही वाजलें. व्हिटनीच्या चक्राचा एक दांता असा आमच्या बंदरापर्यंत येऊन पोहोंचला होता. परंतु त्याच घटनेकडे पाहण्याची दुसरी दृष्टि महाराष्ट्रानेंच दाखविली. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक गुलामांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. त्यांनीं पीडितांसाठीं शोकगीत लिहिलें नाहीं, हिशेब मागितला. कूपरच्या ग्रंथांत जें उणें आहे तें नेमकें कोणतें, हें या एका अर्पणपत्रिकेनें आम्हांस जितकें स्पष्ट कळलें तितकें ट्वेनच्या सगळ्या उपहासानें कळलें नाहीं.

मग निकाल काय? जो रसिक कूपरकडे केवळ करमणुकीसाठीं जाईल त्याला दुसरे लेखक अधिक तरबेज आढळतील. परंतु 'दि पायोनियर्स' ही विस्ताराच्या धुंदींत असलेल्या राष्ट्रानें आपल्याच हातांकडे पाहिल्याची फार जुनी आणि प्रामाणिक नोंद आहे. ती पुरी वाचावी. 'दि प्रेअरी'चीं शेवटचीं प्रकरणें वाचावीं. 'शेवटचा मोहिकन' वाचतांना मात्र शेजारीं १८३० चा तो कायदा उघडून ठेवावा. कूपरला नासाडी दिसली, अन्याय अर्धाच दिसला आणि यंत्र दिसलेंच नाहीं, किंवा दिसूनही त्यानें दृष्टि वळविली. एवढें पाहणारेही त्याच्या पिढींत फार नव्हते, हें त्याच्या पदरीं टाकणें न्यायाचें आहे. मावळतीकडे निघालेल्या नॅटीनें पुढें कधीं पुन्हां मागें वळून पाहिलें असतें तर झाडींतून संथपणें सरकणारी एक कालव्याची नौका त्याला दिसली असती. तिच्यांतलें धान्य कोणाच्या भूमींतलें आणि गांठोडें कोणाच्या घामाचें, हें विचारण्याचें काम कादंबरीकारानें टाकलें, म्हणून तें वाचकावर येऊन पडलें आहे.